'द ब्लॅक परेड': नाटकीपणा हा दोष, की तोच या अल्बमचा जीव?

दर्यावरचा_वारा (वेंगुर्ले)

न्यू जर्सीच्या माय केमिकल रोमान्स या रॉक बँडचा 'द ब्लॅक परेड' ऑक्टोबर २००६ मध्ये आला. २०२५ मध्ये बँडने हा अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत अमेरिकेतल्या स्टेडियममधून वाजवला. आमच्याकडे रॉक ऐकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, पण याचं नाव निघालं की त्यांच्यातही दोन तट ठरलेले. एकांच्या मते असा अल्बम पुन्हा होणे नाही. दुसऱ्यांच्या मते सगळा आव. म्हणून म्हटलं, इथे विषय काढावा.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नायकाला नाव नाही, तो नुसता 'पेशंट'. कॅन्सरने शेवटाला टेकलेला. पहिलं गाणं सुरू होतं तेच हॉस्पिटलमधल्या मॉनिटरच्या टूं-टूं आवाजाने. गायक जेरार्ड वेची कल्पना अशी, की मरण माणसाला न्यायला येतं ते त्याच्या सगळ्यात लाडक्या आठवणीचं रूप घेऊन. या पेशंटची आठवण म्हणजे लहानपणी वडिलांनी शहरात नेऊन दाखवलेली वाजंत्र्यांची मिरवणूक. म्हणून मरण काळ्या गणवेशातली मिरवणूक होऊन दारात येतं. तिथून पुढे पश्चात्ताप, तुटलेलं प्रेम, युद्ध, आई, झोपेतली भीती, आणि शेवटी 'फेमस लास्ट वर्ड्स' मध्ये जगायला आपण घाबरत नाही असं ठणकावून सांगणं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हे नाटक आहे आणि ते नाटकाच्याच मापाने मोजलं पाहिजे. जेरार्ड वे पात्र उभं करतो. त्याचा आवाज चिरकतो, फाटतो, मध्येच कुजबुजतो, ते त्या पात्राचं बोलणं आहे. आम्ही जत्रेत दशावतार बघत वाढलो. एक पडदा, एक बाकडं. तेच बाकडं सिंहासन आणि तेच कैलास. राजा येतो तो गर्जत येतो. त्याला कोणी "जरा हळू बोल" म्हणत नाही, कारण तेवढ्या आवाजाशिवाय त्याचं दुःख शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचणार नाही. मग हेच कोणी न्यू जर्सीहून गिटार घेऊन केलं तर तो आव कसा?

तुमची मतं हवीत. विरोधातली तर नक्कीच. फक्त अल्बम सबंध ऐकून लिहा.

भरती_ओहोटी (मालवण)

खरां सांगू? माका ह्यो अल्बम जड जाता. एकेक गाणां सुटां घेतलां तर चांगलां आसा. पण सगळी एका बैठकेक आयकाची म्हणजे जीव घाबराघुबरो होता. 'डेड', 'धिस इज हाऊ आय डिसअपिअर', 'द शार्पेस्ट लाइव्ह्ज', तिनय एकापाठोपाठ, तिनय जोरात. श्वास घेवक जागाच नाय.

आणि दशावताराचा म्हणशात तर राजा आरडान गेलो की पेटयेर एक पद येता, मगे स्त्रीपार्टी येता, मगे कायतरी हसाचा येता. लोकांका उसंत गावता. हय ती गावणा नाय.

लाल_माती (कुडाळ)

भरती_ओहोटी यांनी नेमकं दुखणं पकडलंय, पण त्याचं कारण गाण्यांच्या क्रमात कमी आणि ध्वनिमुद्रणात जास्त आहे. माझा साऊंडचा व्यवसाय आहे. नाटकं, भजनं, लग्नं सगळं करतो. हा अल्बम डेस्कवर लावला की मीटरचे दिवे वर जातात आणि तिथेच चिकटून राहतात. 'द शार्पेस्ट लाइव्ह्ज' चं कडवं संपून ध्रुवपद येतं तेव्हा कानाला वाटतं आता मोठं झालं, पण मीटर जागचं हलत नाही. हळू भाग वर उचललाय, मोठा भाग दाबलाय, दोन्ही एका पातळीवर आणलेत. त्या काळात रेडिओवर आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून बहुतेक सगळे हेच करत होते. त्यामुळे कान दमतात, आणि दमलेल्या कानाला सगळंच ओरडणं वाटतं.

वाईट याचं वाटतं की गाण्यांची बांधणी चढउतारांची आहे. निर्माता रॉब कव्हालो, मिक्सिंग ख्रिस लॉर्ड-अ‍ॅल्जीचं, दोघंही कसलेले लोक. पियानो, चेलो, ब्रास, गिटारींचे थरावर थर, सगळं आहे. एवढं सामान असताना त्याला हवा ठेवली नाही. नाटकाला शांतता लागते. जेरार्ड वेने नाटक लिहिलं, मिक्सने त्याची शांतता खाल्ली, असं माझं मत.

पांढरी_पाच (वेंगुर्ले)

लाल_माती, मिक्सबद्दल अनुमोदन. पण "श्वासाला जागा नाही" हे 'वेलकम टू द ब्लॅक परेड' ला लागू होत नाही, आणि अल्बमचा कणा तेच गाणं आहे.

मी भजनात पेटी वाजवतो, त्यामुळे ते गाणं मी पेटीवर बसूनच समजून घेतलं. पहिला सूर पियानोवर एकटा पडतो तो म्हणजे आपली पांढरी पाच. नुसता एक सूर. जगभरचे चाहते तो एक सूर ऐकून गाणं ओळखतात. तिथून सूर एकेक पायरी खाली उतरत जातात, घाई नाही. वडील मुलाला शहरात मिरवणूक बघायला नेतात तो भाग यावर येतो आणि आवाजही साधा, गोष्ट सांगितल्यासारखा. मग स्नेअर ड्रमवर संचलनाचा ठेका. मग गिटारी. आणि मग सगळं एकदम दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत जातं.

डबल बारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बुवा अभंग ठायीत, संथ लयीत मांडतो, चाल लोकांच्या मनात मुरू देतो, आणि गजर चढवतो तेव्हा मंडप हलतो. मुळात ठाय नीट मांडली नसेल तर गजर नुसता गोंगाट होतो. इथे ठाय मांडली आहे, शेवटाकडे सूर आणखी वर नेलाय, आणि म्हणून पाच मिनिटांचं गाणं एका दमात ऐकवतं. क्वीन या जुन्या रॉक बँडची छाप आहे म्हणणाऱ्यांना सांगतो, आहेच. रे टोरोच्या गिटारी एकावर एक रचल्या आहेत त्या क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याच्या घराण्यातल्या. बँडने हे कधी लपवलं नाही. घराण्याचा गळा ओळखू येणं हा आपल्याकडे तरी गुन्हा नाही.

ताशेवाला (रत्नागिरी)

त्या स्नेअरबद्दल एक. शिमग्यात पालखीपुढे वाजवतो म्हणून सांगतो, संचलनाचा ठेका सोपा वाटतो आणि तोच सगळ्यात कठीण. दोन्ही काड्या सारख्या वजनाने पडल्या पाहिजेत, हात जरा गरम झाला की लय पळते. बॉब ब्रायरने ती लय धरून ठेवलीय, दुगण येईपर्यंत एक केस पुढे सरकू दिलेली नाही. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये गेला. गायकाबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, याच्याबद्दल दोन ओळीही नसतात, म्हणून लिहिलं.

गुहागरची_लेक

मला 'कॅन्सर' या गाण्याबद्दल बोलायचंय, कारण बाकी सगळे त्याला वळसा घालून जाताहेत.

आईच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसले आहे. केमो सुरू असताना तिचे ओठ इतके सुकायचे की बोलताना चिकटायचे. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून मी ओठांवरून फिरवायची. पाणी गिळायला नको असायचं, नुसती ओल हवी असायची. या गाण्यात पेशंट पहिल्यांदा मागतो काय, तर पाणी, ओठ सुकलेत म्हणून. मग केस गेल्याचं सांगतो, आणि मग सगळ्यात अवघड काय तर तुम्हा सगळ्यांना सोडून जाणं. अडीच मिनिटांच्या आतलं गाणं आहे. पियानो, मागे ड्रम, थोडे आवाज. गणवेश नाही, मिरवणूक नाही. ज्याने लिहिलं त्याने आजारी माणसाकडे नीट बघितलं होतं.

आता माझी तक्रार. हे जमतं, तर बाकीच्या अल्बमला एवढा रंग कशाला फासला? 'कॅन्सर' संपतं आणि लगेच 'मामा' सुरू होतं, ते बँड-बाजा, तो घोगरा सूर, हसणं-रडणं एकत्र. मी तिथे दरवेळी थांबते. माझ्या मते त्या दोन गाण्यांमध्ये काहीतरी हवं होतं. नुसती अर्ध्या मिनिटाची शांतता चालली असती. दर्यावरचा_वारा, तुम्ही म्हणता नाटकाच्या मापाने मोजा. मोजलं. इथे दिग्दर्शकाचा अंदाज चुकला.

दर्यावरचा_वारा

गुहागरची_लेक, एवढं मनापासून लिहिलंत, आभार. तुम्ही जे अनुभवलंय त्यापुढे माझा युक्तिवाद थिटा आहे हे मान्य करून तरी 'मामा' ची बाजू मांडतो.

'मामा' हे युद्धातून आईला लिहिलेलं पत्र आहे. आपण सगळे नरकात जाणार, असं मुलगा आईला सांगतो आणि ते सांगताना वाजतं काय, तर जर्मन कॅबरेसारखं नाचरं संगीत. आणि आईच्या आवाजात दोन ओळी गायला कोणाला बोलावलं, तर लायझा मिनेलीला, १९७२ च्या 'कॅबरे' चित्रपटासाठी ऑस्कर मिळालेली तीच. वीस-बावीस वर्षांची पोरं ज्याला ऐकतात त्या बँडने ही बाई आणली यातच त्यांना काय करायचं होतं ते कळतं. मरणाच्या खोलीत माणूस सरळ रेषेत विचार करत नाही. एका क्षणी पाणी मागतो, दुसऱ्या क्षणी भलतंच बरळतो. मला तो धक्का खरा वाटतो.

आंबोळगड

धागा वाचतोय आणि एका गोष्टीवर आक्षेप नोंदवतो. दशावताराची उपमा इथे शोभत नाही.

दशावतारी नट संध्याकाळी कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात स्वतःच्या हाताने चेहरा रंगवतो. लिहिलेली संहिता नसते. समोरच्या पात्राने काय टाकलं त्यावर उभ्या उभ्या उत्तर द्यायचं, रात्रभर, आणि पहाटे दहीकाला करून पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेला. यामागे देवस्थान असतं, गाव असतं, मान असतात. 'द ब्लॅक परेड' चे गणवेश कोलीन अ‍ॅटवूड या हॉलिवूडच्या नामांकित वेशभूषाकार बाईंनी केले. व्हिडिओ सॅम्युएल बेयरचा, ज्याने 'निर्वाणा' या बँडचं गाजलेलं पहिलं मोठं गाणं चित्रित केलं. मागे मोठी कंपनी. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सुमारे २,४०,००० प्रती खपून अल्बम दुसऱ्या क्रमांकावर, ब्रिटनमध्ये 'वेलकम' पहिल्या क्रमांकावर. यात वाईट काही नाही, पण हा बेतून, मोजून केलेला माल आहे आणि त्याला लोककलेचा मान देऊ नये.

दुसरं, कथा टिकत नाही. निम्म्या अल्बमनंतर पेशंट कुठे जातो? 'हाऊस ऑफ वूल्व्ह्ज' चा त्याच्याशी संबंध काय? 'टीनेजर्स' तर गायकाला न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत शाळकरी मुलांच्या घोळक्याची भीती वाटली त्यावरून सुचलेलं गाणं. चांगलं आहे, ठेका पकडतो, पण मरणाऱ्या माणसाच्या गोष्टीत ते उपरं आहे. दोनच वर्षं आधी, २००४ मध्ये, याच रॉब कव्हालोने ग्रीन डेबरोबर 'अमेरिकन इडियट' केला होता. २००५ मध्ये हा बँड ग्रीन डेच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होता. एका सूत्रात गुंफलेला भव्य रॉक अल्बम चालतो हे समोर दिसत होतं. सूत्र घेतलं, गुंफण अर्धवट सोडली.

चार गाणी उत्तम: 'वेलकम', 'कॅन्सर', 'आय डोन्ट लव्ह यू', 'फेमस लास्ट वर्ड्स'. एवढंच माझं देणं.

करवंदीची_जाळी (चिपळूण)

'टीनेजर्स' उपरं नाही. मी ते दहावीत पहिल्यांदा ऐकलं आणि पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्या माणसाने कबूल केलं असं वाटलं की मोठ्यांना आमची भीती वाटते, म्हणून ते आम्हाला दाबतात. पेशंट मरताना स्वतःचं सगळं आयुष्य बघतोय ना? मग त्यात शाळा येणारच.

आणि "इमो" (भावनांनी ओथंबलेल्या रॉकला लावतात तो शिक्का) म्हणून हिणवणाऱ्यांसाठी: जेरार्ड वेने स्वतः तो शिक्का कायम नाकारला. लंडनच्या 'डेली मेल' ने या बँडला मुलांच्या आत्मनाशाशी जोडलं तेव्हा ३१ मे २००८ ला मुलं-मुली त्यांच्या कचेरीबाहेर निदर्शनं करायला उभी राहिली. ज्या अल्बमचं शेवटचं गाणं जगण्याच्या बाजूने आहे त्याच्यावर हा आरोप झाला याचा मला आजही राग येतो. माझ्या काही मैत्रिणींना या गाण्यांनी वाईट काळात धरून ठेवलंय. हे मी ऐकीव सांगत नाही.

भरती_ओहोटी

चेडवा, बरां लिवलंस.

मी परत आयकलंय, ह्या वेळेक दोन भाग करून. 'वेलकम' आणि 'आय डोन्ट लव्ह यू' पर्यंत एक रात, बाकीचो दुसऱ्या रातीक. तसां केल्यार बरोच सुसह्य होता. 'स्लीप' माका ह्या खेपेक खूप आवडलां. सुरवातीक तो माणूस झोपेत काय काय दिसता तां सांगता, साध्या बोलण्यात, आणि मगे गाणां वर चढता. पण सगळो एकसाथ आयकाक माका अजून जमणा नाय.

दर्यावरचा_वारा

भरती_ओहोटी, 'स्लीप' च्या सुरुवातीचं ते बोलणं जेरार्ड वेचंच आहे. लॉस एंजेलिसमध्ये पॅरामोर नावाच्या जुन्या वाड्यात बँड राहत होता आणि तिथेच अल्बमची गाणी लिहीत होता. तिथे त्याला झोपेत गळा दाबल्याचे भास व्हायचे, ते त्याने टेपवर नोंदवून ठेवले होते.

आणि आंबोळगड, तुमच्या "बेतून केलेला माल" या मुद्द्याला याच वाड्यातून उत्तर देतो. मायकी वे, म्हणजे जेरार्डचा धाकटा भाऊ आणि बँडचा बेस वाजवणारा, तिथे नैराश्याने इतका खचला की काम अर्धवट टाकून त्याला तिथून बाहेर पडावं लागलं, उपचार घ्यावे लागले. तो परत येईल की नाही हे कोणाला ठाऊक नव्हतं. 'फेमस लास्ट वर्ड्स' त्या दिवसांत, भावासाठी लिहिलं गेलं. त्याच्या व्हिडिओत मागे खरी आग पेटवली होती. त्यात बॉब ब्रायरचा पाय भाजला, पुढे जखम चिघळली, आणि जेरार्डच्या घोट्याचे स्नायुबंध फाटले. गणवेश हॉलिवूडच्या बाईंनी शिवला असेल, आतला माणूस विकत घेतलेला नव्हता.

रंगमंचाचंही सांगतो. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ पॅलेला कार्यक्रमाआधी जाहीर केलं की माय केमिकल रोमान्स येऊ शकत नाही, त्यांच्या जागी 'द ब्लॅक परेड' वाजवेल. लोक वैतागले. मग पडद्याआडून हेच आले, गणवेशात, दुसऱ्याच नावाने. त्याच महिन्यात रीडिंगच्या महोत्सवात समोरून बाटल्या आल्या, तरी वाजवत राहिले. ऑक्टोबर २००७ मध्ये मेक्सिको सिटीला 'द ब्लॅक परेड' म्हणून शेवटचा खेळ केला आणि ते सोंग तिथे उतरवलं. सोंग घेणं, ते शेवटपर्यंत निभावणं आणि रीतसर उतरवणं, याला मी नाट्यधर्म म्हणतो. लोककलेचा मान देऊ नका, तेवढं तुमचं ऐकतो. दशावतार मी मापासाठी घेतला, बरोबरीसाठी नव्हे.

'हाऊस ऑफ वूल्व्ह्ज' मात्र मलाही कमकुवत वाटतं. ते पापपुण्याचं गाणं आहे आणि गोष्टीत बसतंही, पण त्याच्या आजूबाजूला एवढी तगडी गाणी आहेत की ते घाईत आटपल्यासारखं वाटतं.

आंबोळगड

मायकी वेची हकीकत ऐकून 'फेमस लास्ट वर्ड्स' चं वजन वाढतं, ते माझ्या चारात होतंच. पण श्रोत्याला ही हकीकत अल्बमबाहेरून कळते. अल्बमच्या आत भाऊ कुठेच नाही. नाटक बघायला आलेल्याला पडद्यामागचं सांगावं लागत असेल तर पुढच्या बाजूला काहीतरी कमी पडलं. मत कायम.

लाल_माती

पडद्यामागचं न सांगताही ते गाणं मला पहिल्यांदा ऐकल्यावर हलवून गेलं होतं, तेव्हा मायकी वे कोण हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्यात शेवटी सगळे मिळून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात, गजरासारखी. पांढरी_पाच यांचा मुद्दा तिथेही लागू पडतो.

एक सुचवतो. ज्यांना अल्बम जड जातो त्यांनी मेक्सिको सिटीच्या त्याच कार्यक्रमाचं २००८ मध्ये आलेलं ध्वनिमुद्रण ऐकून बघा. आवाज तिथेही मोठा आहे, पण दोन गाण्यांच्या मध्ये लोक आहेत, ओरडणं आहे, थांबणं आहे. मूळ मिक्समध्ये जी हवा मला कमी वाटते ती तिथे गर्दीने भरून काढलीय.

पांढरी_पाच

शेवटच्या छुप्या गाण्याबद्दल कोणी बोललंच नाही. 'फेमस लास्ट वर्ड्स' संपल्यावर सीडी काही वेळ गप्प राहते आणि मग 'ब्लड' सुरू होतं, जुन्या विलायती तमाशागृहात वाजावं तसं पियानोवरचं छोटंसं गाणं. मला ते नको वाटतं. गजर झाला, आरती झाली, मंडळी उठली, त्यानंतर कशाला परत पेटी उघडायची?

गुहागरची_लेक

पांढरी_पाच, तुमच्या-माझ्यात इथे फारकत. 'मामा' वर मी नाराज आहे, पण 'ब्लड' माझं आवडतं आहे. पेशंट रक्त देतो, आणखी देतो, तरी पुरत नाही, आणि डॉक्टर-नर्स सगळ्यांचा मी लाडका आहे असं खुशीत गातो. आमच्या वॉर्डात समोरच्या खाटेवर एक आजी होत्या. रोज सकाळी रक्त घ्यायला मुलगी आली की आजी हात पुढे करून म्हणायच्या, "ये गो बाय, आज किती लिटर नेतंस?" आणि अख्खा वॉर्ड हसायचा, माझी आईसुद्धा. आजारी माणसं अशीच बोलतात. भेटायला येणाऱ्यांसमोर नाही, आपसात. शिवाय या गाण्याआधी ती शांतता ठेवलीय, जी मला 'कॅन्सर' नंतर हवी होती. ते गाणं काढून टाका म्हणणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे.